बोटभर जास्त

सूर कुठेतरी गंडलाय हे सगळ्यांत आधी वहिनींना कळलं. वाद्यवृंदातला मोठा ढोल त्यांच्याकडे होता, आणि ढोल वाजवणाऱ्या माणसाला इतरांकडे बघायला भरपूर वेळ मिळतो. कोण चुकलं की काय करतं हे त्यांना तोंडपाठ होतं. व्हायोलिनवाले औषधांच्या दुकानाचे मालक चुकले की आपल्या तारांकडे रागाने बघायचे, ट्रम्पेटवाला पोस्टमन चुकला की शेजाऱ्याकडे. आज मात्र कोणी कोणाकडे बघत नव्हतं. सगळे माना खाली घालून रेटत होते. आणि पियानोवर बसलेली त्यांची धाकटी लेक, कालच्या शेवटच्या गाडीने आलेली, दात आवळून बसली होती, लहानपणी केस विंचरताना बसायची तशी.

“थांबा,” वहिनींचे यजमान, दादा, म्हणाले आणि त्यांनी हातातली लाकडी मोजपट्टी खाली केली. दिवसभर शिवणाच्या दुकानात तिने कापड मोजायचं आणि संध्याकाळी तिनेच वाद्यवृंद हाकायचा, ही पद्धत त्यांच्या वडिलांपासूनची, म्हणजे आबांपासूनची. “टाचणी, पुन्हा सूर दे.”

टाचणी म्हणजे त्यांची बहीण. दुकानातली सगळी काजं-बटणं तिच्या हातची; तोंडात कायम टाचण्या, म्हणून भावाने ठेवलेलं हे नाव. बाकी जगाची ती आत्या. आत्या उभी राहिली, तिने आपली काळी क्लॅरिनेट ओठांना लावली आणि लांबलचक एक सूर दिला. आबांनी वाद्यवृंद काढला तेव्हापासून, म्हणजे ती शाळेत होती तेव्हापासून, सगळे तिच्याच सुराला लावून घेत. आजही लावून घेतलं. तारा पिळल्या, नळ्या मागेपुढे केल्या, माना डोलावल्या.

मग धाकटीने पियानोची एक पट्टी दाबली.

दोन सूर एकमेकांशेजारी असे उभे राहिले, की पोस्टमनने नकळत कानात करंगळी घातली.

“पियानो उतरलाय,” दादा म्हणाले.

“मी पाठवलेला पियानो आहे, बाबा. परवाच इथे माणूस धाडून लावून घेतलाय. तो बरोबर आहे.”

“मग कोण चुकतंय?”

उत्तर सगळ्यांना कळलं होतं. वहिनींनी ढोलावर बोटांनी हळूच टकटक केलं. अवघड क्षणी त्यांना तसं करायची खोड होती, आणि त्याने क्षण आणखी अवघड व्हायचा.

“आपण सगळेच,” धाकटी शेवटी म्हणाली. “तिकडे मी आबांची ही धून एकटी वाजवायचे ना, तेव्हा मला नेहमी वाटायचं, घरी ही जरा वेगळी वाजते. म्हटलं, घरची आठवण आहे, तिला काय सूर असणार. आता कळलं. आपण खरोखरच खाली आहोत.” तिने एक पांढरी पट्टी दाबली, मग तिच्या खालची काळी. “आत्याचा सूर ह्यात नाही आणि ह्यातही नाही. दोन्हींच्या मधल्या फटीत आहे.”

मागच्या रांगेतून हसण्याचा आवाज आला. सुतारकाका आपल्या मोठ्या चेलोला मिठी मारून हसत होते. चेलो त्यांनी स्वतःच बनवलेला, आणि त्याला एका बाजूने कपाटासारखी बिजागरी होती, कारण लाकूड कपाटाचंच होतं.

“तुम्हाला काय झालं हसायला?” दादा म्हणाले.

“झालं एकदाचं उघड,” काका म्हणाले. “अरे, त्या सर्कसवाल्याचा कोट आठवतो ना?”

कोट कोणाला आठवत नव्हता? सर्कशीच्या बँडमधला एक वादक आबांच्या दुकानात फाटलेला कोट शिवायला टाकून गेला होता. उद्या येतो म्हणाला, आणि सर्कस रातोरात हलली. कोटाच्या आतल्या खिशात ही क्लॅरिनेट होती, सुट्या तुकड्यांत, आणि तोंडाखालचा गोल तुकडा, ज्याला घरात सगळे गळा म्हणत, तो पार चिरफळलेला. आबांनी कोट शिवला. मग गिऱ्हाईक आलं तर अर्धं काम बघून काय म्हणेल, म्हणून क्लॅरिनेटही दुरुस्त करायला घेतली. मग वाजते की नाही हे बघायला शाळकरी लेकीच्या हातात दिली. तिच्या जोडीला शेजारच्याने व्हायोलिन आणलं, त्याच्या जोडीला कोणी आणखी काही. एका न आलेल्या गिऱ्हाइकाची वाट बघता बघता वाद्यवृंद उभा राहिला होता.

“तो गळा मी कातला,” सुतारकाका सांगू लागले. “मिसरूड फुटलं नव्हतं मला. आबांनी माप दिलं. मी म्हटलं, आबा, जुन्या तुकड्यापेक्षा हे बोटभर जास्त होतंय. तर म्हणाले, असू दे. शिवणीत माया सोडतो तशी इथेही सोड. मालक आला की त्याच्या मापाने आत घेऊ. कमी पडलं तर जोडता येत नाही.”

सभागृहात आधी वहिनींना हसू आवरेना. त्यांचं हसू पोटातून यायचं आणि ढोलाच्या कातड्याला लागून दुप्पट व्हायचं. केमिस्ट हसले, पोस्टमन हसला. शिंप्याने वाद्याला शर्टाचा नियम लावला होता, आणि अख्खा गाव पन्नास वर्षं त्या बोटभर लाकडापायी खाली उतरून वाजवत होता.

फक्त आत्या हसली नाही.

*

हसणं ओसरल्यावर दादांना पुढचं दिसलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. कार्यक्रम आज संध्याकाळी होता. बाहेर फलक लागला होता. आबांनी बांधलेली धून धाकटीने पियानोसाठी नव्याने बसवली होती, आणि त्यावरच कार्यक्रम सुरू व्हायचा होता.

“सोपं आहे,” ते घाईने म्हणाले. “सगळे वर या. तारा पिळा, नळ्या आत ढकला.”

“आम्ही येऊ हो,” केमिस्ट म्हणाले. “एखादी तार तुटेल, दुसरी घालू. पण त्या कशा येणार?”

आत्याने क्लॅरिनेट वर धरून दाखवली. सगळे सांधे आधीच आत दाबलेले होते. आत सरकायला जागा नव्हती.

“मग पियानोच नको,” केमिस्ट म्हणाले. “इतकी वर्षं पियानोवाचून काही अडलं नाही.”

“वा,” दादा तापले. “माझी पोरगी एवढ्या लांबून आली ती काय पाहुणी म्हणून चहा प्यायला?”

“मग तुमच्या बहिणीला घरी बसवता?”

“बहिणीला कोण घरी बसवतोय? टाचणीशिवाय वाद्यवृंद आहे का?”

“म्हणजे पियानो नको.”

“असं मी कुठे म्हटलं?”

“अहो,” वहिनी ढोलाआडून म्हणाल्या, “ती मोजपट्टी एका बाजूला धरा जरा. कोणाला उठवताय ते कळू दे.”

दादांच्या उजव्या हाताला लेक होती आणि डाव्या हाताला बहीण, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कोणाकडे बघून ठोका द्यावा हे समजेना.

आत्याने तो प्रश्न सोडवला. तिने क्लॅरिनेटचे तुकडे सुटे केले, फडक्याने पुसले, पेटीत ठेवले. “मी समोर बसते आज,” ती म्हणाली. “पहिल्या रांगेत. तुम्ही सगळे मिळून कसे वाजता ते मला कधी ऐकायलाच मिळालं नाही.” आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते ऐकणं सगळ्यांना जड गेलं. पेटी काखेत मारून ती सभागृहाच्या पायऱ्या उतरली, रस्ता ओलांडला आणि समोर दुकानात शिरली.

दादा तिच्या मागे निघाले तशी वहिनींनी त्यांचा सदरा धरला. “तुम्ही नका जाऊ. तुम्ही गेलात की दोघंही आबांच्या आठवणी काढून रडाल आणि काम तिथेच राहील. पोरीला जाऊ दे.”

*

दुकानात शिवणयंत्रांवर कापड झाकलेलं होतं. धाकटी दारात उभी राहिली. हा वास तिच्या ओळखीचा होता: खडू, गरम इस्त्री, तेलाचा थेंब. लहानपणी ती इथे पुतळ्यांच्या मध्ये बसून तालमी ऐकायची. तिला कधी कोणी घेतलं नाही. तिला पियानोच आवडला, आणि पियानो गावात नव्हता. आणा पियानो, मग घेतो, असं बाबा चेष्टेने म्हणायचे. ती ते खरं धरून बसली होती. पुढे शिकायला गेली, तिकडच्या शाळेत शिकवू लागली, अनेकांबरोबर वाजवलं, पण या माणसांमध्ये बसायचं राहून गेलं होतं. आज सकाळी बसली, तर आत्या उठली.

आत्या एका शर्टाला बटण लावत होती. सुट्टीच्या दिवशी.

“मी नाही वाजवत, आत्या,” धाकटी म्हणाली. “तू ये.”

“वेडी आहेस का? या स्टुलावर उभी राहून रडली होतीस तू, मला पण घ्या म्हणून. माझ्या लक्षात आहे. स्टूल पण तेच आहे.”

“तुला उठवून मला बसायचं नाही.”

“मला कोणी उठवलं नाही. मी आपणहून उठले.” आत्याने दोरा दाताने तोडला. “कोणीतरी उठायलाच हवं होतं. तुझ्या बाबाला ते जमणार नव्हतं.”

धाकटीने स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसली. “मग तो गळा आत का नाही घेत? काका इथेच आहेत. बोटभर तर कापायचंय.”

आत्याची सुई थांबली. “ते आपलं नाही.”

“काय आपलं नाही?”

आत्याने भिंतीकडे मान केली. खुंटीवर तो कोट होता. गडद निळा, खांद्यावर पिवळी झालर, पितळी बटणं चकचकीत. दरवर्षी ब्रश मारून, ऊन दाखवून पुन्हा तिथेच अडकवलेला.

“आबा दुकान बंद करताना रोज विचारायचे, कोटवाला येऊन गेला का गं. मी म्हणायचे, नाही आबा. ते म्हणायचे, येईल, सांभाळून ठेव. आबा गेल्यावर कोणी विचारायला उरलं नाही, तर मी मनातच विचारते आणि मनातच नाही म्हणते. दुसऱ्याची वस्तू आहे, पोरी. सांभाळायला दिलेली. तिला कात्री कशी लावू? आणि लाकूड जुनं. चिरलं तर?”

धाकटीला हसूही येत होतं आणि रडूही. इतकी वर्षं रोज वाजवलेलं वाद्य ही बाई परत द्यायच्या तयारीने वाजवत आली होती.

तेवढ्यात वहिनी आत आल्या, धापा टाकत, आणि त्यांच्या मागे करवतीची पिशवी घेऊन सुतारकाका. वहिनींनी दाराबाहेरून सगळं ऐकलं होतं आणि ते लपवायचा त्यांचा मुळीच विचार नव्हता.

“वन्सं, एक विचारते,” वहिनी म्हणाल्या. नणंदेशी त्यांचं या घरात आल्यापासून एकाच गोष्टीवरून भांडण होतं, ढोल फार मोठ्याने वाजतो यावरून. बाकी सगळ्यात दोघी एक. “त्या कोटाची बटणं कोण घासतं?”

“मीच की.”

“अस्तर कुरतडलं होतं, ते कोणी बदललं?”

“मी.”

“आणि ती क्लॅरिनेट रोज कोणाच्या तोंडात असते? दुसऱ्याची वस्तू इतकी वर्षं कोणी तोंडात धरून बसतं का हो?”

सुतारकाकांना ठसका लागला. आत्याच्या ओठांचा कोपरा हलला.

“तो यायचा असता तर आला असता,” वहिनी आता हळू आवाजात म्हणाल्या. “आबांना पण ते ठाऊक असणार. तुमच्याशिवाय ती कोणाला द्यायची होती त्यांना? घाला बरं तो कोट.”

“काहीतरीच काय.”

“घाला तर.”

आत्याने नको नको म्हणता खुंटीवरून कोट काढला. पन्नास वर्षांत तिने तो हजारदा हातात घेतला होता, पण अंगावर एकदाही नाही. बाह्यांत हात गेले. अस्तर गार होतं. कोट जड होता, वाटला होता त्याहून जड, आणि खांद्यांवर त्याचा भार पडल्यावर तिला का कोण जाणे, ताठ उभं राहावंसं वाटलं. पुतळ्यांमागच्या आरशात एक पिकल्या केसांची बाई तिच्याकडे बघत होती. बरी दिसत होती.

दारात दादा येऊन उभे होते. थांबा म्हटलं तरी ते कसले थांबतात. बहिणीला त्या कोटात बघूनही त्यांची धंद्याची सवय वरचढ ठरली. ते पुढे झाले आणि त्यांनी खांद्याची शिवण चिमटीत धरली.

“ढिला होतोय,” ते म्हणाले. “दोन्ही खांदे आत घ्यावे लागतील. बाही पण.”

“माया आहे का आत?” आत्याने विचारलं.

“आबांनी शिवलाय. असणारच.”

“मग घे आत, दादा. मालक आलाय.”

“कोण आलंय?”

“मी,” आत्या म्हणाली, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं हसू तिला एकदम फुटलं. हसताना डोळ्यांत पाणी आलं ते तिने पुसलंही नाही. “मी आलेय घ्यायला. कोट पण, आणि ती पण. काका, करवत काढा.”

*

इस्त्रीच्या टेबलावर गळा ठेवला. सुतारकाका एका दमात बोटभर कापायला निघाले, तर दादांनी त्यांचा हात धरला. “आधी थोडं कापा. मग ट्रायल. मग बाकीचं. आमच्यात एकदम कापत नाहीत.”

पण ट्रायलला सूर कशाशी जुळवायचा? पियानो रस्त्यापलीकडे. मग दादांनी दुकानाच्या खिडकीतून मोजपट्टी हलवली आणि समोरच्या सभागृहाच्या खिडकीतून पोस्टमनचं डोकं बाहेर आलं. “सूर दे,” दादा ओरडले. पोस्टमनने डोकं आत घेतलं आणि जाड बोटाने पट्टी दाबली. सूर रस्त्यावरून तरंगत आला. भाजीची पिशवी घेतलेली एक बाई थांबून वर बघू लागली. आत्याने फुंकलं.

“अजून खाली,” धाकटी म्हणाली.

करवत चालली. भुसा उडाला. काकांनी आतली खोबण कानसने घासली, फुंकर मारली. लाकडाने एकदा कर्र केलं आणि आत्याने डोळे मिटले, पण ते चिरलं नाही.

“सूर,” दादा पुन्हा ओरडले.

“एकदाच नीट ऐका की,” पोस्टमन तिकडून ओरडला. “मी ट्रम्पेटवाला आहे, मला पियानोचं बोट नाही.”

इकडे हे चाललं होतं तेव्हा दादा शिवणयंत्रावर पाय मारत कोटाचे खांदे आत घेत होते, आणि वहिनी त्यांच्यापुढे टाचण्या धरून उभ्या होत्या. रस्त्यावर आता बरीच माणसं जमली होती. कोणी विचारलं काय चाललंय, तर कोणी सांगितलं, वाद्यवृंद आत घेताहेत. समोरून सूर आला की सगळी खिडकीकडे बघायची, आत्याचा आला की एकमेकांकडे, आणि मग कधीतरी आत्याने फुंकलं आणि त्या गर्दीने आपोआप टाळ्या वाजवल्या. धाकटीला सांगावं लागलं नाही.

सुतारकाकांनी कापलेल्या चकत्या चिमटीत धरल्या आणि भुशाच्या डब्यात टाकू लागले.

“अंहं,” दादा म्हणाले. “उरलेलं गिऱ्हाइकाला परत द्यायचं. दुकानाचा नियम आहे.” त्यांनी चकत्या दोऱ्यात ओवल्या, गाठ मारली आणि बहिणीच्या हातावर ठेवल्या. आत्याने ती जुडी कोटाच्या आतल्या खिशात टाकली, जिथे एकेकाळी क्लॅरिनेट सापडली होती.

*

संध्याकाळी सभागृह भरलं. पहिल्या रांगेत आत्यासाठी राखलेली खुर्ची तेवढी रिकामी होती. ती कोणी हटवायला विसरलं होतं, मग वहिनींनी तिच्यावर आपली पर्स ठेवून दिली.

पडद्याआड केमिस्टची एक तार वर येताना तुटलीच. त्यांनी दुसरी घातली आणि कोणालाही दोष दिला नाही, यातच त्यांनी माघार घेतल्याचं दादांनी ओळखलं.

पडदा सरकला. धाकटी पियानोवर बसली होती. दादांनी मोजपट्टी उचलली, आणि आत्या आपल्या खुर्चीवरून उभी राहिली. निळ्या कोटातली, पितळी बटणं दिव्यात चमकत असलेली. सभागृहात कुजबुज पसरली. तो कोट गावातल्या प्रत्येकाने कपडे शिवायला टाकताना भिंतीवर पाहिला होता, लहानपणी बोट लावून ओरडा खाल्ला होता. मागे एक म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग त्यांच्या शेजारचे उठले, आणि बघता बघता अख्खं सभागृह उठलं.

दादांची मोजपट्टी हवेत तशीच राहिली. त्यांना समोरचं धूसर दिसत होतं.

सूर कोणी द्यायचा हे ठरवायचं राहूनच गेलं होतं. पियानो असेल तिथे पियानोचा सूर घ्यायचा, हे धाकटीला शिकवलेलं, ती स्वतः हेच शिकवायची. वाद्यवृंद तिच्याकडे बघू लागला. तिने हात पट्ट्यांवरून उचलून मांडीवर ठेवले आणि आत्याकडे मान वळवली.

आत्याला क्षणभर समजलं नाही. मग समजलं. तिने क्लॅरिनेट ओठांना लावली आणि सूर दिला, नवा, वरचा, तिने आयुष्यात इथे कधी न दिलेला. सगळ्यांनी तो घेतला. तो तसाच धरून तिने धाकटीकडे पाहिलं, आणि आता धाकटीने एका बोटाने पट्टी दाबली.

दोन सूर वाजत होते, पण ऐकू एकच येत होता.

“या, बसा,” आत्या क्लॅरिनेट खाली करून, वाद्यवृंदात नव्याने येणाऱ्याला म्हणतात तसं, भाचीला म्हणाली. बसलेल्याच मुलीला असं म्हटलेलं कोणाला विचित्र वाटलं नाही. दादांना अजून मोजपट्टी खाली आणणं जमत नव्हतं, म्हणून वहिनींनी वाट न बघता ढोलावर पहिला ठोका दिला, नेहमीसारखा फार मोठ्याने, आणि आज पहिल्यांदाच आत्याने मागे वळून डोळे वटारले नाहीत.